एक बिल्ला, दोघी जणी

माझी मावशी हुबेहूब माझ्या आईसारखी दिसते. जुळ्या आहेत दोघी. आई जरा आधी जन्मली, मावशी मागाहून, आणि तेवढ्या भांडवलावर आईनं जन्मभर मोठेपणा गाजवला. घरात आईला सगळे ताई म्हणतात आणि मावशीला धाकटी. शेजारीपाजारी, खालचा सायकलवाला, दूधवाला, सगळ्यांची ती धाकटीच. तिला स्वतःचं एक नाव आहे, चांगलं गोड नाव आहे, पण ते वापरायची कुणाला कधी गरजच पडली नाही. पाहुण्यांसाठी म्हणून जपून ठेवलेल्या भांड्यासारखं ते फळीवर पडून होतं.

चेहरा एक असला तरी स्वभावानं एक पूर्व तर दुसरी पश्चिम. आईची जीभ धार लावून आणलेली. मावशी मऊ. आईनं कुणाला झापलं की मावशीनं मागून जाऊन त्याला चहा द्यायचा, अशी आमच्या घरची पद्धत. मावशीनं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर नुसती हसायची. घरात मात्र म्हणायची, "दोघींत मिळून एक नोकरी भागवतोय, आता नवराही तसाच भागवायचा का?" यावर माझे बाबा जागच्या जागी लाल व्हायचे आणि आई हातात असेल ते फेकून मारायची.

ही एका नोकरीची भानगड आधी सांगायला हवी. आमच्याकडे नगरपालिकेचा पोहायचा तलाव आहे, छपराखालचा. आत शिरलं की पाण्यातल्या औषधाचा वास नाकात जाऊन बसतो. तिथं कपडे ठेवायची एक खोली आहे. पोहायला आलेला माणूस कपडे, बूट, पाकीट, सगळं जाळीच्या टोपलीत भरून खिडकीतून आत देतो आणि मनगटावर नंबराचा रबरी पट्टा चढवून पाण्यात जातो. आतली बाई टोपल्या सांभाळते आणि भाड्याचे टॉवेल देते. ती नोकरी आईची. अंगावर निळा डगला, छातीवर पितळी बिल्ला आणि बिल्ल्यावर आईचं नाव.

मग मी जन्मले आणि सगळा घोटाळा झाला. बाबा ट्रकवर, घरी यायचे ते चार दिवसांचे पाहुणे. तान्ही पोर आणि दिवसभराची नोकरी आईला जमेना. एके दुपारी मला ताप भरला. मावशी म्हणाली, "ताई, तू हिच्यापाशी बस. तो डगला इकडे दे." मावशी गेली, टोपल्या घेतल्या, टॉवेल दिले, परत आली. कुणाला ओ की ठो कळलं नाही. ताप उतरला, पण दुपारी मावशीनं जायचं ते काही बदललं नाही. सकाळी आई, जेवणानंतर मावशी. तलावाच्या मागच्या फाटकापाशी दोघी भेटायच्या. आई आपल्या डगल्याचा बिल्ला काढून मावशीच्या डगल्याला लावायची, कॉलर नीट करायची, आणि घरी यायची. मी आता पंचविशी ओलांडलीय. एवढी वर्षं हे बिनबोभाट चाललं.

तलावावरच्या लोकांना एवढंच ठाऊक होतं की ही बाई सकाळी अंगावर येते आणि दुपारी लोण्यासारखी वागते. सकाळच्या पुरुषांना आई ओरडायची, "ओले पाय घेऊन खिडकीशी येऊ नका, माझी फरशी आहे ती." दुपारच्या म्हाताऱ्या बायकांच्या पाठीला मावशी टॉवेल लावून द्यायची, त्यांच्या सुनांच्या तक्रारी ऐकायची. व्यवस्थापक साहेबांनी तर यावरून एक सिद्धांतच काढला होता. माणूस जेवला की निवळतो, असं ते सगळ्यांना सांगत आणि पुरावा म्हणून माझ्या आईकडे बोट दाखवत.

सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं असं मला वाटायचं. मग तो कप आला.

दुपारच्या बायकांनी वर्गणी काढून मावशीला एक कप दिला. पांढरा, मोठ्या कानाचा, आणि त्यावर रंगानं नाव लिहून घेतलेलं. नाव कुणाचं, तर आईचं. दुसरं नाव त्यांना माहीतच कुठं होतं? मावशीनं तो घरी आणला, पुसून ओट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्यातून मजेत चहा पीत बसलेली.

"तो धाकटीचा आहे," मी म्हटलं.

"नाव वाच की," आई म्हणाली. "डोळे फुटलेत का?"

मावशी हसली. पण हसताना तिनं खाली बघितलं, आणि मला कुठंतरी टोचलं. आईला मात्र काही कळलं नाही. माझी आई प्रेमळ आहे, पण कधीकधी तिच्यापुढं भिंत बरी.

त्याच सुमाराला त्या राष्ट्रीय ओळखपत्राचं निघालं. सरकार म्हणे सगळ्यांना एकेक कार्ड देणार. त्यावर फोटो, अंगठ्याचा ठसा, नाव, जन्मतारीख. जिथं जाल तिथं दाखवायचं. द्यावं की न द्यावं यावर देशभर वाद पेटला होता, आणि आमच्याकडे तर दोन माणसं भेटली की तिसरं मत तयार व्हायचं. न्हावी म्हणायचा, कार्ड घरी विसरलो तर मी कोण? औषधवाला म्हणायचा, चोर असशील म्हणूनच घाबरतोस. दोघांनी एकमेकांच्या दुकानात जाणं सोडलं. औषधवाल्याचे केस मानेवर आले आणि न्हावी खोकत फिरायला लागला.

आमच्या घरात हा वाद जेवायच्या टेबलावर येऊन बसला. कारण नगरपालिकेत बोललं जात होतं की कार्ड आलं की सगळ्या कामगारांनी फाटकाशी रोज अंगठा लावायचा. चेहरा सारखा असेल हो, पण अंगठा? तो काही जुळा नसतो.

"झालं," आई म्हणाली. "मिटलं आपलं. एवढी वर्षं आपण कुणाच्या ताटातलं ओढलं का? टोपली हरवली का कुणाची? आणि मी कोण हे मला विचारणारा हा कोण टिकोजीराव? मी मरेन पण अंगठा देणार नाही."

मावशीनं आधी आईच्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, "ताई, मला वाटतं कार्ड यावं."

आईचा घास हातातच राहिला.

"तुला नाव आहे ना, म्हणून तुला नको वाटतं," मावशी म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच, मऊ. "मी उद्या पाण्यात बुडाले तर तलावावर काय म्हणतील? तू गेलीस म्हणतील. मी गेले हे कुणाला कळणारही नाही. एक तरी कागद असू दे जगात, ज्यावर मी आहे."

"कागद हवाय म्हणून नोकरी घालवणार तू? तुझी पण जाईल आणि माझी पण."

"माझी कुठली नोकरी आहे, ताई?"

आई अर्धं ताट तसंच ठेवून उठली. आईनं ताटात अन्न टाकलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. त्यानंतर कित्येक दिवस दोघी कामापुरतं बोलायच्या. मागच्या फाटकाशी बिल्ला मात्र रोज या डगल्यावरून त्या डगल्यावर जायचा.

मग जाहीर सभा ठरली. सरकारनं माणूस पाठवला होता, लोकांची मतं ऐकून लिहून घ्यायला. ज्याला बोलायचं त्यानं आधी नाव नोंदवावं किंवा आयत्या वेळी हात वर करावा. सभा दुपारी, नगरपालिकेच्या सभागृहात, म्हणजे तलावाच्या बरोबर वरच्या मजल्यावर. माइक-स्पीकर माझा. मी तोच धंदा करते. सभागृहात फिरून बोलणाऱ्याच्या हातात माइक देणं हेही माझंच काम.

त्या दिवशी सकाळी मावशी अंथरुणातूनच म्हणाली, "ताई, अंगात कणकण आहे. आज दोन्ही वेळ तूच बघ." आईनं कपाळाला हात लावून बघितला, आणि "पडून राहा" म्हणून गेली. मीही वायरी घेऊन निघाले. कपाळ गार होतं हे आईनं ओळखायला हवं होतं, पण ती स्वतःच्याच नादात होती. तिनं गुपचूप सभेत बोलायला नाव दिलं होतं. धाकटी अंथरुणात आहे तेवढ्यात आपण विरोधात बोलून मोकळं व्हावं, दहा मिनिटांचं काम, असा तिचा बेत. आणि ताई खाली खिडकीला बांधलेली आहे तेवढ्यात आपण बाजूनं बोलून यावं, असा मावशीचा. दोघींनी एकाच पोटातून येऊन एकच डोकं वाटून घेतलंय, याचा आणखी काय पुरावा हवा?

सभागृह गच्च भरलेलं. न्हावी बोलला, औषधवाला बोलला, एक निवृत्त मास्तर इतकं बोलले की माझी बॅटरी बदलावी लागली. मग मधल्या रांगेतून एक हात वर झाला. मी माइक घेऊन गेले आणि बघते तर मावशी. ठेवणीतले कपडे, केस नीट बांधलेले, ओठ पांढरे पडलेले. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं, म्हणजे 'आता काही बोलू नकोस'. मी निमूटपणे माइक दिला.

"आपलं नाव?" सभेसाठी बाहेरगावाहून आलेल्या अध्यक्षांनी विचारलं.

हा एक प्रश्न ऐकायला मावशी तिथवर आली होती. चारचौघांत, माइकवर, स्वतःचं नाव घ्यायचं. तिनं श्वास घेतला आणि आईचं नाव सांगितलं.

सवयच ती. इतकी वर्षं त्या इमारतीत कुणी नाव विचारलं की तोंडातून तेच बाहेर पडायचं. तिच्या लक्षात आलं, तिनं एकदा डोळे मिटले, पण मागं फिरली नाही. बोलली. म्हणाली, "माणूस असून नसल्यासारखं जगणं फार अवघड असतं. ज्यांना सगळे ओळखतात त्यांना कार्ड नको असेल. पण ज्यांना कुणी विचारतच नाही, त्यांना वाटतं, कुणीतरी एकदा आपलं नाव लिहून घ्यावं." बरं बोलली. टाळ्या पडल्या. मला इतका अभिमान वाटला की मी माइक परत घ्यायला क्षणभर विसरलेच.

पुढची दोनतीन माणसं झाली आणि अध्यक्षांनी नोंदणीतलं पुढचं नाव पुकारलं. आईचं. लगेच स्वतःच म्हणाले, "हे झालं की."

"कुठं झालं?" मागच्या दारातून आवाज आला. निळा डगला, छातीवर बिल्ला, धापा टाकत आई उभी. "मी आत्ता जिना चढून येतेय."

 मी माइक घेऊन गेले नाही, पण आईला माइक लागतो कुठं?

"हे कार्ड आम्हाला नको," आईनं तिथूनच तोफ डागली. "मी या इमारतीत वर्षानुवर्षं काम करते. इथला प्रत्येक माणूस मला चेहऱ्यानं ओळखतो. विचारा कुणालाही. चेहरा असताना कागद कशाला?"

अध्यक्ष चष्मा काढून बघत राहिले. "बाई," ते म्हणाले, "आपण आत्ताच बाजूनं बोललात. मत बदललं, चांगली गोष्ट आहे, त्यासाठीच सभा असते. पण कपडे कधी बदललेत?"

सभागृह हसून लोळलं. आईला काही कळेना. मग लोकांच्या माना जिकडे वळल्या होत्या तिकडे तिनं बघितलं आणि मधल्या रांगेत तिला स्वतःचाच चेहरा दिसला, ठेवणीतल्या कपड्यांत. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. हशा हळूहळू विरला. लोक एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

आणि तेवढ्यात पुढचं दार उघडलं. आत आली ती टॉवेल गुंडाळलेली माणसं. सात-आठ जण, थंडीनं कुडकुडत, फरशीवर पाणी गळत, आणि सगळ्यांच्या पुढं व्यवस्थापक साहेब. ते रोज या वेळेला पोहतात. आई कपड्यांच्या खोलीला कुलूप घालून किल्ली खिशात टाकून वर आली होती, आणि नेमकी तेव्हाच ही मंडळी पाण्यातून बाहेर निघाली होती.

"आमचे कपडे," साहेब दातावर दात वाजवत म्हणाले.

"आपण कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी या तलावाचा व्यवस्थापक."

"काही ओळखपत्र?"

"पँटच्या खिशात. पँट टोपलीत, टोपली खोलीत, खोलीला कुलूप." साहेबांनी बोट उगारलं. "आणि किल्ली हिच्याकडे." ते बोट मावशीवर होतं. मग त्यांना दाराशी आई दिसली. बोट आईकडे गेलं, परत मावशीकडे आलं, आणि मधेच कुठंतरी हवेत थांबलं. टॉवेल सावरायला त्यांना ते खाली घ्यावं लागलं.

"बघा," औषधवाला ओरडला, "कार्ड हवं ते यासाठीच."

"कार्ड होतं ना त्याच्याकडे," न्हावी ओरडला, "मग उघडा का उभा आहे?"

पुन्हा हशा. पण आई हसत नव्हती. ती रांगांमधून चालत मावशीपाशी गेली. एक शब्द बोलली असती, 'ही पाहुणी आलीय, बहीण आहे, चेहरा सारखा आहे,' तर निभावलं असतं. मला वाटलं तेच बोलेल. खोटं बोलायला आई कुणाच्या बापाला भिणारी नाही.

"साहेब," आई म्हणाली, "ही माझी बहीण. सकाळी तुमच्याकडे मी असते, दुपारी ही असते. माझी पोरगी झाली तेव्हापासून. बिल्ला माझा, पण अर्धं काम हिचं. म्हाताऱ्या बायकांना गोड बोलते ती ही. मी नव्हे. मी आयुष्यात कुणाशी गोड बोललेली नाही."

मग तिनं मावशीचं नाव घेतलं. पूर्ण नाव, स्पष्ट, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं. "हे हिचं नाव," ती म्हणाली. "लिहून घ्या. आणि मघाशी जे कोण बोललं, ते हीच बोलली. माझ्या नावावर टाकू नका. मी विरोधातच आहे."

मावशी रडायला लागली. आईही रडत होती, पण वर 'रडू नकोस, लोक बघतायत' असं मावशीलाच दटावत होती. माझ्या हातातला माइक चालू होता, त्यामुळे हे दटावणं सगळ्या सभागृहानं ऐकलं.

साहेबांनी टॉवेलची गाठ घट्ट केली. मग म्हणाले, "म्हणजे जेवण झाल्यावर माणूस निवळत नाही?"

"नाही, साहेब," मावशी डोळे पुसत म्हणाली.

"मी बायकोला इतकी वर्षं हेच सांगत आलो," ते म्हणाले. "असू दे. आधी पँट द्या."

पुढं काही आठवडे आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नोकरी राहते की जाते काही कळेना. नगरपालिकेत बैठकांवर बैठका. पण घोडं एका जागी अडलं. काढायचं तर कुणाला काढायचं? जिला नेमलं होतं ती कामावर येतच होती. आणि जी कामावर येत होती म्हणून राग होता, तिला कधी नेमलंच नव्हतं, तर काढणार कशी? त्यात दुपारच्या म्हाताऱ्या बायका एके दिवशी थेट बैठकीत जाऊन बसल्या, आणि निर्णय होईपर्यंत उठणार नाही म्हणाल्या. साहेबांनी शेवटी लिहून दिलं की आपल्याला दोघी हव्यात, सकाळी शिस्तीसाठी एक आणि दुपारी माणुसकीसाठी एक. नोकरीचे दोन तुकडे झाले. दुपारचा तुकडा मावशीच्या नावानं.

कार्डाचं म्हणाल तर ते अजून भिजत पडलंय. सरकारी माणूस सगळी मतं पिशवीत भरून घेऊन गेला, त्यात एकाच घरातली दोन उलटी मतं आहेत, वेगवेगळ्या नावांची. घरी वाद अजून चालू आहे. आई म्हणते अंगठा देणार नाही, मावशी म्हणते मी दोन्ही देईन. मी आता जेवण वाढून घेते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. आईनं एक नवा कप आणलाय, मोठ्या कानाचा, मावशीच्या नावाचा. आणि जुन्यातून ती स्वतःच चहा पिते, अजिबात न लाजता.

नवीन बिल्ला आला त्या दुपारी मी मुद्दाम तलावावर गेले. मागच्या फाटकाशी आई थांबली होती. आता बिल्ला द्यायचा नव्हता, तरी थांबली होती. तिनं मावशीच्या डगल्यावरचा नवा बिल्ला सरळ केला, कॉलर नीट केली, आणि "ओल्या पायानं कुणाला खिडकीशी येऊ देऊ नकोस" म्हणून घरी गेली.

मावशी आत टॉवेलांच्या घड्या घालत बसली. पाण्यातून पहिली म्हातारी बाहेर आली, खिडकीशी टेकली, बिल्ला डोळ्यांजवळ नेऊन वाचला, आणि मग जरा मागं होऊन तिनं त्या नावानं हाक मारली. मावशीनं घडी घातली. बाईनं परत हाक मारली. मावशीनं मान वर केली आणि कुणाला बोलावतायत ते बघायला मागं वळून बघितलं. मागं फळ्यांवर नुसते टॉवेल होते.

तिसऱ्या हाकेला तिनं ओ दिली. इतक्या मोठ्यानं दिली की तलावात पोहणारी माणसं जागच्या जागी थांबून वर बघायला लागली.